नाथाकाकांचा हिरवा शिक्का

आमच्या कुरणवाडीच्या ग्रामपंचायतीबाहेर एक फलक आहे. पूर्वी त्यावर घरपट्टीच्या नोटिसा लागायच्या आणि शेळ्या त्या खायच्या. गेली सात वर्षं त्यावर माझे चुलते नाथाजी यांचे निकाल लागतात, तेही लॅमिनेशन करून, म्हणजे शेळ्यांचंही काही चालत नाही. ते लॅमिनेशन मी करते. फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तेव्हा या माणसाबद्दल मी जे वाईट बोलणार आहे त्यातला थोडा वाटा माझ्या पदरात घाला, मी नाही म्हणणार नाही.

नाथाकाका चोवीस वर्षं फौजेत होते, सिग्नलमध्ये. सुभेदार होऊन परत आले. फौजेनं त्यांना एक गोष्ट शिकवली, की निरोप आला म्हणजे तो खरा असतोच असं नाही. कुठून आला, कुणी धाडला, कधी निघाला हे विचारायचं, मगच पुढं द्यायचा, आणि दिला की पोच घ्यायची. ही शिकवण चांगली आहे. माझा राग माणसावर आहे, शिकवणीवर नाही. गावात आल्यावर त्यांनी बघितलं, तर इथं कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. मोबाईलवर येईल ते खरं. मीठ संपणार म्हणून मेसेज आला, तर आमच्या घरात दोन पोती मीठ आलं होतं. आई ते तीन वर्षं वापरत होती.

मग तो नंदीवाल्यांचा दिवस आला. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असा एक व्हिडिओ आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर होता. त्यातच दोन नंदीवाले बैल घेऊन गावात आले आणि एका घरापुढं त्यांनी लहान पोरीला हाक मारून पाणी मागितलं. एवढं पुरलं. अर्ध्या तासात शे-दीडशे माणूस जमलं. काकांनी त्या दोघांना पंचायतीच्या कचेरीत कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि स्वतः दारात उभे राहिले. पुण्याची एक ‘पडताळा’ नावाची वेबसाइट होती, आलेले मेसेज खरे की खोटे ते तपासून सांगणारी. तिच्यावरचा मजकूर त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. व्हिडिओ दुसऱ्याच देशातला होता आणि चार वर्षांपूर्वीचा. कोण ऐकतंय? मागून एक दगड आला, चौकटीवर बसला. काकांनी खिशातली वही काढली आणि म्हणाले, “ज्याला मारायचं हाय त्यानं म्होरं या, आदी नाव सांगा. म्या लिवून घेतो, मंग मारा.”

एकानंही नाव सांगितलं नाही. तास-दीड तासानं माणसं पांगली. काकांनी त्या दोघांना चहा पाजला आणि वडूजपर्यंत सोडून आले. बैलासकट. मी हे डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी मला या माणसाचा एवढा अभिमान वाटला, की आज तो दिवस आठवला तर राग दुप्पट होतो.

त्यानंतर त्यांनी ‘खात्री करा’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. गावातल्या माणसाला शंका आली, की त्यानं मेसेज काकांना धाडायचा. काका तो ‘पडताळा’ला धाडणार, उत्तर आलं की ग्रुपवर टाकणार. खरं असेल तर हिरवा शिक्का, खोटं असेल तर लाल. खाली ठरलेली ओळ, ‘पोच द्या.’ ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांच्यासाठी छापून, लॅमिनेशन करून फलकावर. करोनात काकांनी काढे, धूर आणि गोमूत्राच्या गोष्टींवर एकामागून एक लाल शिक्के मारले. त्यानं गावात दोन-चार जीव तरी वाचले असतील.

पण माणूस चांगलं काम करत राहिला, की लोक त्याच्यावर विश्वास टाकतात आणि आपलं डोकं खुंटीला टांगतात. आमच्या गावानं तेच केलं. विजेचं बिल माफ झालंय का, नाथाजीरावांना विचार. अमक्याचा जावई खरंच रेल्वेत आहे का, नाथाजीरावांना विचार. एका बाईनं म्हैस गाभण आहे का हेही विचारलं होतं, आणि काकांनी ‘तपासून सांगतो’ असं उत्तर दिलं होतं. गणपतीची आरती त्यांच्यासाठी थांबू लागली. हळूहळू काकांचं विचारणं कमी झालं आणि सांगणं वाढलं. त्यांना नुसतं बघून कळायला लागलं.

आता राहीबाईंचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावाचे दोन भाग आहेत. खाली गाव, तिथं आम्ही. वर माळावर धनगरवस्ती, तिथं राहीबाई आणि त्यांचे मालक आकाराम. उपसा योजनेचा कालवा झाला तेव्हा कागदावर पाणी दोन्हीकडं आलं, प्रत्यक्षात खालीच राहिलं. कालव्याच्या डोक्याकडच्यांनी दारं उघडी ठेवायची, ऊस भिजवायचा, आणि शेपटाला पोचेपर्यंत पाणी संपायचं. हे मुद्दाम सांगते, की आमचा पाच एकर ऊस आहे आणि तो डोक्याकडच्या बाजूला आहे. वस्तीवरची माणसं मात्र दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परतायची.

शेपटाकडच्या अकरा गावांनी पाणी हक्क समिती काढली. राहीबाई तिच्यात पहिल्यापासून. शिक्षण काही नाही, बोलणं मात्र सरळ. वडूजच्या मोर्चात त्या म्हणाल्या होत्या, “पंगतीत वाढपी शेवटच्या मानसापतुर गेल्याबिगर पैल्याला दुसऱ्यांदा वाढत न्हाई. पान्याचं बी तसंच करा.” एवढंच भाषण. त्या दिवशी अकराच्या अकरा गावांनी ठरवलं, सांगलीला साहेबांपुढं पाण्याच्या पाळीची सुनावणी आहे, तिथं शेपटाच्या बाजूनं सही राहीबाई करतील. त्यांची सही नसेल तर नवी पाळी ठरायची नाही. त्या फुटणार नाहीत, ही सगळ्यांना खात्री होती. राहीबाईंनी घरी सांगून टाकलं होतं, यंदा बिऱ्हाड बांधायचं नाही, चारा इथंच करायचा. नात वस्तीवरच्या शाळेत तिसरीला होती आणि दरवर्षी तिची अर्धी शाळा बुडायची.

सुनावणीला बारा दिवस राहिले असताना तो फोटो आला.

फोटोत लालासाहेब. हे कालव्याच्या डोक्याकडचे सगळ्यात मोठे बागाईतदार, शेपटाला आधी पाणी द्यायला सगळ्यात जास्त विरोध यांचाच. ते आपल्या रानात उभे आहेत आणि राहीबाईंच्या हातात एक साडी देताहेत. हिरवी, लाल काठाची. शेजारी ज्वारीचं पोतं. मागं मेंढरं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘समितीची वाघीण लालासाहेबांच्या दावणीला. सही विकली.’

काकांनी तो फोटो ‘पडताळा’ला धाडला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, हिरवा शिक्का. खरं. काका छापील कागद घेऊन माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, “लॅमिनेशन कर. जरा जाड कर.” मी केलं. वरचा शिक्का बघितला, खालचं वाचलं नाही. सात वर्षांत कधी वाचलं होतं, म्हणून आता वाचू?

फलकावर कागद लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं समितीची बैठक झाली. अकरा गावांची माणसं आली होती आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर तो हिरवा शिक्का होता. मी कागद वाटायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

राहीबाईंनी फोटोचा मोठा कागद माझ्याकडून मागून घेतला. लालासाहेबांकडं बघितलंच नाही, मेंढरांवर बोट ठेवलं. “ह्यो फोटू सा वर्साखालचा हाय. आमी त्येंच्या रानात मेंढरं बसिवली हुती.”

मेंढरं बसवणं म्हणजे रात्री शेतकऱ्याच्या रानात कळप कोंडायचा. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य मिळतं, आणि कळप निघताना घरधनी बाईला लुगडं देतो. त्या भागातली ही जुनी रीत. ती आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र कुणाला आठवली नाही.

“पुरावा?” काका म्हणाले.

“ही बगा बांडी.” राहीबाईंच्या बोटाखाली एक मेंढी होती, अर्धं तोंड पांढरं, अर्धं काळं, डावा कान फाटका. “हिला लांडग्यानं नेऊन तीन वर्सं झाली. ही तिची आई, भुरी. ती तर त्येच्या बी आदी गेली. मेल्याली मेंढरं यंदाच्या फोटूत कशी येतील?”

माणसं हसली. एकजण म्हणाला, आता मेंढरं साक्षीला आणा. आम्हा खालच्या गावाला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. राहीबाईंना ती नव्वद माणसांसारखी नव्वद दिसतात. हा फरक त्या बैठकीत कुणीही धरला नाही, मीसुद्धा.

काका उठले. फौजेत उठायचे तसे, ताठ. “राहीबाई, मेंढरांचं ऱ्हाऊ द्या. ही साडी बगा. हिरवी, लाल काठाची. मागल्या म्हैन्यात वडूजच्या मोर्चात तुमी हीच साडी नेसला हुता का न्हाई?”

“व्हय.”

“म्हंजी मिळाली आन नेसली.”

“मिळाली सा वर्सापूर्वी. मोर्चाला, लगनाला आन देवाला तेवढी नेसती.”

“सा वर्सांची साडी आशी ऱ्हाती?”

“टरंकंत ठेवली की ऱ्हाती, सुभेदार. तुमच्याकडं म्हैन्याला नवी येती, तुमास्नी ठावं नसंल.”

पुन्हा माणसं हसली, पण या वेळी काका हसण्याचा विषय झाले होते, आणि ते त्यांना सोसलं नाही. राहीबाईंनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढून देवापुढं ठेवली. वस्तीवरची ही शेवटची साक्ष असते. बिरोबाचा भंडारा उचलून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. त्या म्हणाल्या, “म्या उचलती. फोटू यंदाचा हाय आसं म्हननाऱ्यानं बी उचलावा.”

काका म्हणाले, “म्या वेबसाइट दावतोय, तुमी हळद दावताय. कुटल्या जमान्यात हाय आपन?”

हे वाक्य टाळ्यांचं होतं आणि टाळ्या मिळाल्या. राहीबाईंनी एकटीनं भंडारा उचलला. काकांनी उचलला नाही, हे टाळ्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग हात वर झाले. राहीबाईंचं नाव निघालं आणि त्यांच्या जागी नानासोचं आलं. नानासो आमच्या आळीतला. चार गुंठे माळावर आहे म्हणून शेपटाचा म्हणायचा, बाकी ऊस सगळा आमच्या उसाला लागून. वस्तीवरच्या दोघा-तिघांनीही हात वर केला होता. आकारामदाजी खाली बघत बसले होते. राहीबाईंनी फोटोचा कागद घडी करून मला परत दिला. “तुजा कागद, बाय,” म्हणाल्या. वस्तूंच्या बाबतीत ही बाई फार काटेकोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि तो निकाल माझ्या कॉम्प्युटरवर उघडाच होता. मी पहिल्यांदा खालपर्यंत वाचला. इंटरनेटवर या फोटोची जुनी प्रत सापडली नाही, असं लिहिलं होतं. धनगराच्या वाड्यावर, म्हणजे रानात उतरलेल्या कळपापाशी, काढलेला फोटो इंटरनेटवर कशाला असेल? आणि त्याखाली असं होतं, ‘फोटो याच वर्षीचा असल्याला त्याच गावातील एका माजी सैनिक अधिकाऱ्याने दुजोरा दिला. संबंधित महिला त्या साडीत दिसल्याचे त्यांनी सांगितले.’

आमच्या गावात माजी सैनिक अकरा. अधिकारी एक.

मी दुकानाला कुलूप घातलं आणि काकांच्या घरी गेले. ते ओट्यावर चष्मा पुसत बसले होते.

“काका, हा माजी सैनिक अधिकारी कोण?”

“त्येंनी फोन केल्ता. इच्यारलं, म्या सांगितलं.”

“म्हणजे तुम्ही वेबसाइटला सांगितलं, वेबसाइटनं गावाला सांगितलं, आणि बैठकीत तुम्ही म्हणालात वेबसाइट सांगतेय. मग तपासलं कुणी?”

“म्या तपासलं. म्हनून तर त्येंनी मला इच्यारलं.”

“साडीवरनं?”

त्यांनी चष्मा घातला. “संयोगिता, बस. सात वर्सांत माजा एक निकाल चुकला न्हाई. आज चुकला म्हनालो, तर मागचं सगळं जातंय. उद्या पुन्यांदा पोरं पळिवनारी म्हनून कुनाला धरलं, तर माजं कोन ऐकनार? दोन जीव हुते त्ये. इसरलीस?”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि खोटं नसलेल्या गोष्टीमागं लपणारा माणूस पकडणं अवघड जातं. मी ओट्याच्या कडेला टेकलेली बघून त्यांना धीर आला आणि ते एक वाक्य जास्त बोलले.

“आन आपला ऊस काय वाऱ्यावं येतोय? तुजी फी कशातनं गेली?”

म्हणजे साडी बघताना डोळे उसात होते. मी उठले. चहा आला होता, तो प्याले नाही. काकूला वाईट वाटलं असेल.

मी ‘पडताळा’ला सगळं लिहून कळवलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं, ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन आम्ही आमच्या विश्वासू स्थानिक स्रोताकडून पुन्हा खात्री केली. ते आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत.’ हा कागद मी छापून ठेवलाय. राग थंड व्हायला लागला की काढून वाचते.

लालासाहेबांनाही फोन केला. एका शब्दात मिटलं असतं. ते हसले आणि म्हणाले, “आमच्या दारातनं कुणी रिकाम्या हातानं जात नाही, ताई.” सहा वर्षांपूर्वी का आता, हे काही बोलले नाहीत.

सुनावणीला चार दिवस राहिले आणि दुकानात एक शेतकरी आला. रानडुकरांनी मका खाल्ला होता, वनखात्याच्या पंचनाम्याच्या प्रती हव्या होत्या. मशीनमधून कागद बाहेर येताना मला आठवलं. बांडी. तिलाही लांडग्यानं नेलं होतं, तिचाही पंचनामा झाला असणार, आणि त्याच्या झेरॉक्स मीच काढल्या असणार. तशीच वस्तीवर गेले. राहीबाईंनी ट्रंक उघडली. वर ती हिरवी साडी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. तिच्याखाली पंचनामा. तारीख तीन वर्षांपूर्वीची आणि मेलेल्या मेंढीचा फोटो, अर्धं तोंड पांढरं, अर्धं काळं, डावा कान फाटका.

“ह्यो कागुद चालतू व्हय?” राहीबाई म्हणाल्या. “मला वाटलं, त्यो सरकारी हाय.”

त्यांना विचारायचं मला बैठकीपासून चार-पाच दिवस सुचलं नव्हतं, आणि आपल्याकडं पुरावा आहे हे त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या लेखी पुरावा त्यांनी दिला होता, मेंढी ओळखून दाखवली होती.

तो कागद मी त्याच दुपारी ‘पडताळा’ला धाडला. काकांनाही नेऊन दाखवला. ते म्हणाले, “सुनावनी हू दे, मंग बगू.” समितीच्या तिघांना दाखवला, ते म्हणाले, नाथाजीरावांनी शिक्का बदलला की आम्ही ऐकतो. चौथ्या दिवशी नानासोनं सांगलीला सही केली. पाळी डोक्याकडून. शेपटाला ‘शिल्लक राहिल्यास’. हे दोन शब्द साहेबांच्या कागदावर आहेत, मी वाचलेत.

सहीनंतर आठ दिवसांनी ‘पडताळा’नं निकाल बदलला. हिरवा शिक्का जाऊन ‘दिशाभूल करणारे’ असा नारिंगी आला. तळाला बारीक अक्षरांत, ‘नव्या माहितीनुसार दुरुस्ती.’ माफी वगैरे काही नाही. असो, काहीतरी झालं म्हणून मला रडू आलं. मी तो कागद छापला, जाड लॅमिनेशन केलं आणि स्वतः फलकावर लावला, काकांच्या हिरव्या शिक्क्यावर, तो पूर्ण झाकेल असा.

संध्याकाळपर्यंत तिथं गर्दी होती. माणसं वाचत होती, मान हलवत होती, आणि मोबाईल काढून त्या कागदाचा फोटो घेत होती. मला वाटलं, आता गावभर जाईल.

तो गेला नाथाकाकांकडं. सगळ्यांनी तपासायला त्यांनाच धाडला होता.

तासाभरानं ग्रुपवर लाल शिक्का आला. ‘खोटं. अशा बनावट दुरुस्त्या सध्या फिरत आहेत. खात्री केल्याशिवाय पुढं पाठवू नका. पोच द्या.’ त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवून पोच दिली. वेबसाइट प्रत्येकाच्या खिशात होती. उघडून बघायला बोट लागत होतं, ते कुणी हलवलं नाही. मी ग्रुपवर लिंक टाकली, तर काकांनी मला ग्रुपमधून काढलं. घरी गेले तर आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “फलकावरचं काढ त्ये. भावजींनी खोटं म्हटलंय नव्हं?”

मी माझ्या आईवर आयुष्यात एवढी ओरडले नव्हते. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “तू काय पुन्याची वेबसाइट हायस?” सकाळी कागद कुणीतरी काढला होता. खालचा हिरवा तसाच होता. तो माझ्याच हातचा, चांगला टिकाऊ.

दिवाळीच्या आधी राहीबाई पंचनामा परत न्यायला दुकानात आल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “तू लय केलंस बाय. ऱ्हाऊ दे.” मला ते सहन झालं नाही. मी लय केलं नव्हतं, उशिरा केलं होतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पंचनामा पिशवीत ठेवला. पाणी आलं नव्हतं, चारा झाला नव्हता. बिऱ्हाड बांधायला काढलं होतं. नातीचा दाखला काढायचा का, हे त्यांनी मला विचारलं. मी नको म्हणाले.

“कुठं जाणार?”

“म्होरं चाऱ्याला हाय तरी काय? जो रानात बसवून घेईल त्येच्या रानात.” मग पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या, “तिकडं पान्याची रानं हायती कुनाची, तुला ठावंच हाय.”

डिसेंबरात एके सकाळी नाथाकाका दुकानात आले. सुनावणीनंतर आमचं बोलणं बंद होतं. त्यांनी मोबाईल काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. फोटो होता. लालासाहेब आपल्या रानात उभे, शेजारी राहीबाई, मध्ये ज्वारीचं पोतं. आकारामदाजी एका बाजूला. नात मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला धरून उभी, शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये. मागं मेंढरं.

“बग,” काका म्हणाले. “म्या म्हनत हुतो का न्हवतो? आता सांग, खरं का खोटं.”

मी चष्मा लावला. फोटो मोठा केला आणि लालासाहेबांना बाजूला सारून एकेक मेंढी बघितली, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, तोंडं बघितली, कान बघितले. दोनदा बघितलं. काका बोटांनी काउंटर वाजवत होते.

बांडी कुठंच नव्हती.

“खरा आहे,” मी म्हणाले.